तीन महिन्यांची वाट, पस्तीस दिवसांची मुदत

बॅकअपमधला बग कधीच घाईचा वाटत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. डेटाबेस बंद पडला की दहा मिनिटांत फोन खणखणू लागतात. बॅकअपमध्ये दोष निघाला तर त्या दिवशी कुणाचंच काही अडत नाही. तिकिटं निघत राहतात, पगार जमा होतात, गिऱ्हाईक खूश असतं. म्हणून बगची नोंद घेणारा माणूस तीव्रतेच्या रकान्यात ‘मध्यम’ लिहितो, ‘पर्यायी मार्ग उपलब्ध’ यापुढे खूण करतो आणि दुरुस्ती पुढच्या ठरलेल्या रिलीजच्या यादीत ढकलून मोकळा होतो. हा रिवाज बहुतेक ठिकाणी आहे आणि तो मोडायला हवा, असं माझं मत आहे. मात्र ‘बॅकअपचा बग म्हणजे आणीबाणीच’ असं टेबल वाजवून सांगणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. कोणता बग थांबू शकतो आणि कोणता नाही, हे ठरवायची कसोटीच आपण चुकीची लावतो आहोत.

चर्चा हवेत राहू नये म्हणून पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण घेतो. बोलण्यात सगळे त्याला पोस्टग्रेसच म्हणतात. तो कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, त्याचा कारभार उघड्यावर चालतो, त्यामुळे निर्णय कसे होतात हे बाहेरच्यालाही पाहता येतं. त्याचे दुरुस्ती-रिलीज वर्षातून चार वेळा येतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांतला दुसरा गुरुवार. सोमवारी सोर्सचं गाठोडं बांधायचं, मधल्या दिवसांत वेगवेगळ्या लिनक्ससाठी आणि विंडोजसाठी पॅकेजं तयार करायची, गुरुवारी घोषणा. एका वेळी पाच मोठ्या आवृत्त्या सांभाळल्या जातात, म्हणजे दोन ओळींची दुरुस्तीसुद्धा पाच ठिकाणी बसवून तपासावी लागते. हे काम करणारे पुष्कळ जण आपला वेळ देऊन करतात. वेळापत्रक मोडायचं म्हणजे या सगळ्यांना पुन्हा कामाला जुंपायचं.

तरीही ते मोडलं गेलं आहे. १४ नोव्हेंबर २०२४ च्या रिलीजमध्ये एका अंतर्गत रचनेचा आकार बदलला आणि जुन्या रचनेवर बांधलेली काही एक्स्टेन्शन कोलमडण्याची पाळी आली. बरोबर सात दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, नवा रिलीज बाहेर पडला. १३ फेब्रुवारी २०२५ ला सुरक्षेची एक दुरुस्ती आली, तिच्यातच नवा दोष निघाला आणि २० तारखेला पुन्हा रिलीज. हे दोन्ही दोष गाजावाजा करणारे होते. अपग्रेड केलं की लगेच दिसायचे.

जून २०२२ ची हकीकत मात्र निराळी आहे आणि माझ्या मुद्द्याला तीच जास्त जवळची. १४ व्या आवृत्तीत, टेबलावरचं लिखाण न थांबवता इंडेक्स बांधण्याची जी सोय आहे, तिच्यात दोष शिरला होता. इंडेक्समधून काही ओळींच्या नोंदी सुटायच्या. एरर नाही, इशारा नाही. शोधायला गेलं तर असलेली ओळ ‘नाही’ म्हणून उत्तर यायचं. ही आवृत्ती ३० सप्टेंबर २०२१ ला आली होती. ऑगस्टच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता १६ जून २०२२ ला १४.४ हा वेगळा रिलीज काढण्यात आला, आणि तो हातात येण्याआधीच ‘ही सोय तूर्त वापरू नका’ असं सांगून टाकलं गेलं. निर्णय योग्य होता. पण एक गोष्ट लक्षात घ्या. इंडेक्स बिघडला तरी टेबल शाबूत असतं, इंडेक्स पुन्हा बांधता येतो. जे पुन्हा बांधता येतं त्यातल्या मुक्या दोषासाठी वेळापत्रक मोडायचं, तर ज्या डंपमधून, म्हणजे बॅकअपसाठी काढलेल्या फाइलीतून, ओळी गुपचूप गळतात आणि ज्याची मूळ प्रत उद्या कदाचित नसेलच, त्यासाठी किती आधी मोडायला हवं?

इथे पहिली चाळणी लावतो. बॅकअपच्या साधनात दोन कामं असतात: प्रत काढणं आणि प्रत वाचून परत बसवणं. दोन्हींतले बग एकाच ‘बॅकअप’ या खणात पडतात, आणि तिथून पुढचा गोंधळ सुरू होतो.

परत बसवणाऱ्या, म्हणजे रिस्टोअर करणाऱ्या बाजूला दोष असेल आणि फाइल मात्र नीट असेल, तर घाई नाही. दुरुस्त केलेलं साधन आपत्ती आल्यानंतरही आणता येतं. पोस्टग्रेसचंच पाहा. १ मार्च २०१८ ला सुरक्षेसाठी एक बदल झाला आणि तेव्हापासून पीजी डंप हे साधन सर्च पाथ रिकामा ठेवून डंप लिहू लागलं. ज्यांनी आपल्या फंक्शनमध्ये टेबलाच्या नावाआधी स्कीमाचं नाव लिहिलं नव्हतं, त्यांचे डंप रिस्टोअर करताना ‘असं टेबलच नाही’ म्हणून अडकू लागले. वैताग मोठा होता. पहाटे तीनला, वरिष्ठ डोक्यावर उभे असताना, ही एरर पाहण्याची वेळ कुणावर येऊ नये. पण डेटा फाइलमध्ये होता. फंक्शन सुधारायचं, फाइलमधली ओळ बदलायची, पुढे जायचं. तास दोन तास जातात, माहिती जात नाही. अशा बगसाठी पाच आवृत्त्यांची पॅकेजं मध्येच बांधायला लावणं मला पटत नाही.

प्रत काढणाऱ्या बाजूचा दोष याच्या नेमका उलटा. तो आज दुरुस्त केला तरी काल काढलेली फाइल दुरुस्त होत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात ही फार दुर्मीळ जात आहे. बाकीचे बहुतेक बग पॅच बसला की संपतात. हा बग पॅच बसल्यावरही मागे पडलेल्या फाइलींमध्ये जिवंत राहतो, आणि त्या फाइलींपर्यंत कोणताच रिलीज पोहोचू शकत नाही.

दुसरी चाळणी आवाजाची. प्रत काढताना साधन ओरडून थांबलं तर निदान कळतं. खरी भीती ‘यशस्वी’ असा शेरा मारून चुकीची फाइल देणाऱ्याची आहे. एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण ते मराठी माणसाला विशेष झोंबेल. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ ८’ या नावाने जी अक्षरांची साठवण पूर्वी चालायची, तिच्यात एका अक्षराला तीनच बाइट मिळत. पूर्ण चार बाइटची साठवण ५.५ च्या पिढीत, २०१० मध्ये आली. पण बॅकअपचं साधन, मायएसक्यूएल डंप, ५.७ पर्यंत काही वेगळं सांगितलं नाही तर तीन बाइटवालीच पद्धत वापरायचं. म्हणजे टेबल चार बाइटचं, डंप तीन बाइटचा. जे अक्षर तीन बाइटमध्ये मावत नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह.

देवनागरी अक्षरं तीन बाइटची, त्यामुळे मराठी मजकूर यातून सहीसलामत सुटला. इमोजी गेले, आणि इमोजी गेल्याचं कुणाला फारसं सुतक नव्हतं. पण मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत आली ती चार बाइटच्या मुलखात. आता कल्पना करा की एखाद्या अभ्यासकाने दफ्तरातल्या मोडी कागदांची युनिकोडमध्ये नक्कल करून मायएसक्यूएलमध्ये भरली आहे. पडद्यावर सगळं नीट दिसतं. रात्री डंप निघतो. ओळींची संख्या बरोबर, टेबलांची संख्या बरोबर, कुठे एरर नाही. फाइल उघडून पाहिली तर तारखेचा रकाना ठीक, देवनागरी शीर्षक ठीक, आणि मोडी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. यातून मूळ अक्षर कोणतं होतं हे परत काढण्याचा मार्ग नाही, कारण सगळी अक्षरं एकाच चिन्हात बुडाली. यावर ठरलेलं उत्तर असं की हा बगच नाही, कोणती पद्धत वापरली जाते ते दस्तऐवजात लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे खरं. ८.० मध्ये ती मुळातली निवड बदलली, तेही खरं. पण दस्तऐवजात लिहिलं म्हणजे प्रत खरी ठरते, हा युक्तिवाद प्रोग्रॅमर सोडून दुसऱ्या कुणाला पटवून दाखवावा.

असल्या मुक्या बगच्या बाबतीत ‘फारशा तक्रारी नाहीत’ हे वाक्य मीटिंगमध्ये हमखास येतं. साधा बग वापरणाऱ्याला रोज टोचतो, म्हणून तक्रारींच्या संख्येवरून त्याचा पसारा कळतो. बॅकअपचा मुका बग फक्त त्यालाच दिसतो जो रिस्टोअर करतो, आणि रिस्टोअर करून जुळवूनही पाहतो. असे लोक किती? वर्षातून एकदा ऑडिटसाठी डीआर ड्रिल, म्हणजे आपत्तीची रंगीत तालीम करतात, त्यातही डेटाबेस सुरू झाला आणि लॉगिनचं पान उघडलं की टाळ्या वाजवून चहा मागवतात. अशा वापरातून तक्रारी येणारच नाहीत. तीन तक्रारी आल्या असतील तर त्याचा अर्थ तीनशे जणांना फटका बसला आहे आणि त्यांना पत्ता नाही, असा धरून चालणं शहाणपणाचं.

आता मुदतीचा हिशेब मांडू. माझ्या दृष्टीने सगळा वाद इथेच निकालात निघतो, आणि नवल म्हणजे रिलीजच्या चर्चेत हा हिशेब क्वचितच कुणी मांडतं. बॅकअप कुणी कायमचे ठेवत नाही. जागेला पैसे पडतात. सात दिवस, चौदा दिवस, फार तर महिना, मग जुनी प्रत आपोआप पुसली जाते. ॲमेझॉनच्या आरडीएस सेवेत आपोआप निघणाऱ्या बॅकअपची मुदत जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येते. दुसरीकडे दोन रिलीजमधलं अंतर साधारण ९० दिवसांचं. आता तिमाहीच्या सुरुवातीच्या रिलीजमध्ये प्रत काढण्याचा एक मुका बग शिरला असं धरा. पंधरा दिवसांनी तो कुणाला तरी सापडला. त्या क्षणी ज्याची मुदत ३० दिवसांची आहे त्याच्याकडे बग शिरण्याआधीच्या, चांगल्या प्रती अजून आहेत. ‘पुढच्या ठरलेल्या रिलीजमध्ये घेऊ’ असं ठरवलं तर दुरुस्ती येईपर्यंत त्यातली शेवटची चांगली प्रत कधीच पुसली गेलेली असेल. कुणी मुद्दाम पुसली नाही. रोज रात्री चालणाऱ्या सफाईच्या कामाने, अगदी नियमाप्रमाणे, चांगल्या प्रती काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी वाईट रचून ठेवल्या.

इन्क्रिमेंटल बॅकअप वापरणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. पोस्टग्रेसने ही सोय १७ व्या आवृत्तीत, सप्टेंबर २०२४ मध्ये आणली. रविवारी पूर्ण प्रत, मग रोज फक्त बदललेले भाग, आणि रिस्टोअरच्या वेळी सगळं एकत्र जोडायचं. जोडणीतली एक कडी कच्ची असेल तर तिच्यापुढच्या सगळ्या कड्या फुकट.

म्हणून माझी कसोटी अशी: दोष प्रत काढण्यात आहे का, तो गप्प बसतो का, आणि ठरलेल्या रिलीजपर्यंत थांबलं तर लोकांच्या चांगल्या प्रतींची मुदत संपते का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर वेळापत्रक बाजूला ठेवायला हवं. मग तक्रार एकच असो.

याविरुद्ध सगळ्यात वजनदार मुद्दा घाईचा आहे, आणि तो नुसता भित्र्यांचा मुद्दा नाही. पोस्टग्रेसनेच २०१५ मध्ये त्याची किंमत मोजली आहे. २२ मे २०१५ च्या ९.४.२ रिलीजमध्ये डेटाच्या सुरक्षिततेसाठी एक चांगली सुधारणा होती: सर्व्हर कोसळून पुन्हा सुरू होताना डेटा डिरेक्टरीतल्या सगळ्या फाइली आधी डिस्कवर पक्क्या करायच्या. पण काही ठिकाणी त्या डिरेक्टरीत अशा फाइली होत्या ज्यांना हात लावायची परवानगी सर्व्हरला नव्हती, उदाहरणार्थ प्रमाणपत्रांकडे जाणारे दुवे. तिथे सर्व्हरने सुरू व्हायलाच नकार दिला. ४ जूनला ९.४.३ आला. दुसऱ्या एका जुन्या दुखण्याच्या दुरुस्तीतून आणखी एक अडचण निघाली, म्हणून १२ जूनला ९.४.४. तीन आठवड्यांत तीन रिलीज, आणि प्रत्येक वेळी डीबीए मंडळींनी रात्री जागवायच्या. तेव्हापासून ‘घाईचा रिलीज’ म्हटलं की जुन्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

घाईपेक्षाही भयंकर प्रसंग क्योटो विद्यापीठातला. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या महासंगणकाच्या साठवणीचा बॅकअप घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये पुरवठादार एचपीईच्या जपानी कंपनीने सुधारणा केली. ही स्क्रिप्ट दहा दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली शोधून पुसायचं कामही करायची. सुधारणेत, वाचायला सोपं जावं म्हणून, व्हेरिएबलची नावं बदलली होती. इथवर काहीच वावगं नाही. पण नवी फाइल जुनीच्या जागी ठेवली तेव्हा जुनी स्क्रिप्ट चालू होती. बॅश हा शेल स्क्रिप्ट एकदम वाचून ठेवत नाही, लागेल तसा तुकडा वाचत जातो. त्यामुळे पहिला अर्धा भाग जुन्या फाइलीतला चालला आणि पुढचा नव्या फाइलीतला. नव्या भागाला हव्या असलेल्या नावांना किंमतच मिळालेली नव्हती. ‘या डिरेक्टरीतले जुने लॉग पुसा’ या आज्ञेतली डिरेक्टरी रिकामी निघाली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. १४ ते १६ डिसेंबर या काळात सुमारे ७७ टेराबाइट, ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली गेल्या. १४ संशोधन गटांना झळ पोहोचली, त्यातल्या ४ गटांचा डेटा परत आणता आला नाही. कंपनीने जबाबदारी पूर्णपणे आपली असल्याचं मान्य केलं. डेटा जपण्यासाठी असलेल्या साधनाची दुरुस्ती बसवतानाच डेटा गेला. ती दुरुस्ती काही आणीबाणीचीही नव्हती.

आणखी एक त्रास उरतो. बॅकअपच्या फाइली एका यंत्रावर लिहिल्या जातात आणि दुसऱ्यावर, पुष्कळदा जुन्या आवृत्तीवर, वाचल्या जातात. मे २०२४ मध्ये मारियाडीबी या डेटाबेसने सुरक्षेसाठी डंपच्या अगदी पहिल्या ओळीत एक खास सूचना घातली, रिस्टोअर करताना कुणी फाइलमधून शेल कमांड चालवू नये म्हणून. हेतू चोख. पण जुन्या क्लायंटला ती ओळच कळेना आणि रिस्टोअर पहिल्याच ओळीवर आपटू लागला. पोस्टग्रेसने ऑगस्ट २०२५ मध्ये तशाच धोक्यासाठी डंपमध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ नावाची ओळ घातली, तिथेही जुन्या साधनांची तीच गत. फाइल जशीच्या तशी वाचता येण्याची खात्री हाच बॅकअपचा मूळ करार. त्याला हात लावणारी दुरुस्ती दोन दिवसांत उरकू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

मग या सगळ्यातून वाट कशी काढायची? मला वाटतं आपण दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधतो: कळवणं आणि दुरुस्त करणं. दुरुस्तीला वेळ लागतो आणि लागू द्यावा. कळवायला एक दिवस पुरतो. मुक्या बगच्या बाबतीत पहिल्या दिवशी लोकांना जी गोष्ट करायची असते ती पॅच बसवणं नसतेच. जुन्या प्रती पुसणारं काम थांबवायचं, एवढंच ते काम. त्यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही, एक सूचना लागते. एप्रिल २०११ मध्ये पोस्टग्रेसने असं करून दाखवलं आहे. पीजी अपग्रेड या साधनातल्या दोषामुळे पुढे जाऊन डेटा हरवण्याची शक्यता होती. ८ एप्रिलला जाहीर इशारा आणि हाताने चालवायची दुरुस्ती-स्क्रिप्ट दिली गेली, आणि सगळं तपासून झाल्यावर दहा दिवसांनी, १८ एप्रिलला, रिलीज आला. २०२२ मध्येही इशारा आधी आणि रिलीज नंतर हाच क्रम होता. म्हणजे ही पद्धत त्यांच्या घरातलीच आहे, फक्त ती माणसांच्या समजुतीवर चालते, नियमावर नाही.

इशाऱ्यानंतरचं पाऊल म्हणजे नकार देणारा छोटा रिलीज. पूर्ण दुरुस्ती गुंतागुंतीची असेल तर आधी एवढंच करावं की संशयास्पद परिस्थिती दिसली की साधनाने प्रत काढायचं नाकारावं आणि कारण सांगावं. याचंही चांगलं उदाहरण आहे. मायएसक्यूएल ८.०.२९ मध्ये, एप्रिल २०२२ मध्ये, टेबलात झटपट रकाना घालण्या-काढण्याच्या सोयीत बिघाड निघाला. परकोना कंपनीच्या एक्स्ट्राबॅकअप या बॅकअपच्या साधनाने त्या वेळच्या आवृत्तीत असे रकाने असलेल्या टेबलांचा बॅकअप घ्यायला सरळ नकार दिला, अशी टेबलं कोणती ते दाखवलं आणि आधी टेबल नव्याने बांधून घ्या असं सांगितलं. ओरॅकलने ८.०.२९ डाउनलोडमधून काढूनच टाकली. लोक वैतागले असतील, पण खोटी प्रत हातात घेऊन निर्धास्त झोपले नाहीत. नकाराचा कोड दहा-वीस ओळींचा असतो, त्यातून फाइलीचं स्वरूप बदलत नाही, २०१५ सारखा सर्व्हर बंद राहण्याचा धोका जवळजवळ नसतो. घाईने काही द्यायचंच असेल तर हे द्यावं.

‘तातडीचा रिलीज काढूनही बसवतो कोण?’ हा प्रश्न आपल्याकडच्या लोकांना फार आवडतो. खरंच आहे. बँकेत चेंज रिक्वेस्टवर पाच सह्या लागतात, ३१ मार्चच्या आसपास कुणी सर्व्हरला हात लावू देत नाही, दिवाळीत ई-कॉमर्सवाले लावू देत नाहीत. पण इथे बॅकअपच्या साधनाला एक सवलत आहे जी मीटिंगमध्ये विसरली जाते. पीजी डंप हा सर्व्हरचा भाग म्हणून चालत नाही, बाहेरून जोडला जाणारा क्लायंट आहे. नव्या आवृत्तीचा पीजी डंप जुन्या सर्व्हरचाही डंप काढू शकतो. तो बदलायला डेटाबेस क्षणभरही बंद करावा लागत नाही. बाजूच्या एका यंत्रावर नवं पॅकेज टाका, तिथून प्रत काढा. सर्व्हरच्या पॅचला लागणारी तोलामोलाची तयारी इथे लागत नाही. फाइली थेट उचलणाऱ्या भौतिक बॅकअपच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही, पण तिथेही साधन बदलणं आणि सर्व्हर बदलणं या गोष्टी सहसा वेगळ्या ठेवता येतात.

एक कबुली मात्र दिलीच पाहिजे: रिलीज कितीही वेळेवर निघाला तरी ऐकणारा जागेवर नसेल तर उपयोग शून्य. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरलं होतं. मग रोजचा डंप शोधायला गेले तर साठवणीची जागा रिकामी. डेटाबेस ९.६ चा होता आणि डंप काढणारं साधन ९.२ चं निवडलं जात होतं. पीजी डंपने आपलं काम चोख केलं होतं: आवृत्ती जुळत नाही म्हणून रोज नकार देत होता. त्या नकाराची ईमेलही निघत होती. पण त्या ईमेलसाठी डीमार्क ही पडताळणीची सोय लावलेली नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर ती परत लावत होता. ओरडणारा बग अशा रीतीने मुका झाला. सहा तासांपूर्वी एकाने दुसऱ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट होता म्हणून निभावलं. तरी सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती यांच्यावर पाणी सोडावं लागलं. यात पोस्टग्रेसने आणखी वेगळं काय करायला हवं होतं? काही नाही. माझ्या कसोटीवर हा तातडीच्या रिलीजचा विषय नव्हताच. नकार हे साधनाचं काम होतं आणि ते झालं, तो ऐकायची व्यवस्था ही वापरणाऱ्याची.

हे सगळं मराठीत लिहिण्याला एक कारण आहे. बॅकअपची सॉफ्टवेअर जगात जिथे जिथे लिहिली जातात त्यात पुणं फार वरच्या ओळीत आहे. व्हेरिटासच्या नेटबॅकअपवर इथे वर्षानुवर्षं काम झालं, २००८ मध्ये ड्रुवा इथेच सुरू झाली, पोस्टग्रेसवर उभी असलेली एंटरप्रायझडीबी इथे आहे. तीव्रतेचा तो रकाना भरणाऱ्यांपैकी कितीतरी जण बाणेर-खराडीत बसतात आणि जेवणाच्या सुट्टीत मराठीत बोलतात. त्यांच्याकडे एक मागणी आहे. बगच्या नोंदीत ‘किती जणांना त्रास’ आणि ‘पर्यायी मार्ग’ या रकान्यांशेजारी आणखी दोन रकाने घाला: ‘साधन यशस्वी म्हणतं का?’ आणि ‘या दोषाने बिघडलेल्या फाइली नंतर दुरुस्त होऊ शकतात का?’. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ आलं की तो निर्णय रिलीज मॅनेजरच्या वेळापत्रकातून बाहेर काढा, त्याच दिवशी ग्राहकांना कळवा, आणि रिलीज नोट्समध्ये ‘काही परिस्थितीत अपूर्ण बॅकअपची समस्या दूर केली’ असलं गुळमुळीत वाक्य लिहू नका. कोणत्या तारखेपासूनच्या, कोणत्या आवृत्तीने काढलेल्या प्रती भरवशाच्या नाहीत ते लिहा, आणि अपडेट झाल्याबरोबर नवी पूर्ण प्रत काढायला सांगा. ही शेवटची सूचना सगळ्यात जास्त वेळा राहून जाते.

आणि जे ही सॉफ्टवेअर लिहीत नाहीत, फक्त वापरतात, त्यांनी कुणाच्या रिलीजची वाट पाहू नये. आजच्या आज दर तिमाहीची एक पूर्ण प्रत नेहमीच्या मुदतीच्या बाहेर काढून निदान वर्षभर वेगळी ठेवायला सुरुवात करा. वर्षाला चार प्रती होतात. त्याचं साठवणीचं बिल किती येतं ते आपल्या क्लाउडवाल्याकडून काढून घ्या आणि पुढच्या बजेटच्या मीटिंगमध्ये मांडा.